किर्लोस्करवाडीपूर्वीची बावीस वर्षे

आपल्या मेळाव्यांतून थोर उद्योगपतींची चरित्रे तरुणांपुढे ठेवण्याचा प्रघात आहे, आणि तो स्तुत्यच आहे. परंतु ही चरित्रे सांगताना वक्त्यांची दृष्टी बहुधा कळसाकडे लागलेली असते. माळरानावर उभी राहिलेली वसाहत, सहस्रावधी कामगार, देशोदेशी गेलेला माल यांचे वर्णन ऐकून तरुण भारावतो खरा. पण उद्या सकाळी आपल्या दहा फुटी गाळ्याची फळी उघडून नेमके काय करावयाचे, हे त्यास उमगत नाही. आपल्या समाजातील कितीतरी मुले आज नोकरीची वाट पाहणे सोडून स्वतंत्र धंद्यास लागत आहेत. काहींनी त्यासाठी घरातील दागिने गहाण टाकले आहेत. त्यांच्या उपयोगी पडेल असा भाग कळसात नसून पायात आहे. म्हणून कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्या आयुष्यातील १८८८ ते १९१० हा बावीस वर्षांचा कालखंड येथे विचारासाठी घेतला आहे. लक्ष्मणराव आपल्या ज्ञातीचे होते की नव्हते, हा प्रश्न येथे अप्रस्तुत होय.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. नाटककार अण्णासाहेब किर्लोस्कर हेही त्याच गावचे. लक्ष्मणरावांना चित्रकलेची ओढ होती, म्हणून ते मुंबईस जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पण काही रंग आपणांस नीट ओळखता येत नाहीत, असे तेथे निदर्शनास आले. मग त्यांनी रंग सोडले आणि रेषा धरली. यंत्रांची रेखाचित्रे काढण्यात प्रावीण्य मिळवून ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले.

१८८८ साली बेळगावात 'किर्लोस्कर बंधू' या नावाने सायकलींचे दुकान निघाले. आता या दुकानाची मांडणी पाहावी. लक्ष्मणराव मुंबईस शिक्षक. ते तेथे सायकली खरेदी करून बेळगावी धाडीत. वडील बंधू रामुअण्णा त्या विकीत आणि गिऱ्हाइकास सायकल चालवावयासही शिकवीत. म्हणजे दोघा भावांतील एकाचा दरमहाचा पगार चालू होता. कोवळ्या धंद्याच्या खांद्यावर साऱ्या घरखर्चाचे जू पहिल्याच दिवशी ठेवले गेले नाही. हल्ली 'नोकरीवर लाथ मारून' धंद्यात उडी घेण्याचे फार कौतुक होते. लक्ष्मणरावांनीही नोकरी सोडली. परंतु हक्काची बढती डावलली गेल्यानंतर, आणि बेळगावचे दुकान कित्येक वर्षे चाललेले असताना. ज्यास पगारी भाऊ नाही त्याने निदान वर्षभराचा घरखर्च बाजूस काढावा आणि त्यास दुकानाचा हात लागू देऊ नये. गल्ल्यातून किराणा भरणे आणि घरातून गल्ला भरणे, हे दोन्ही एकदा सुरू झाले की धंदा नफ्यात आहे की तोट्यात, हे प्रत्यक्ष मालकासही सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट शिकवणीची. सायकल शिकविण्याचे पंधरा रुपये रामुअण्णा निराळे घेत. त्या काळी ही रक्कम लहान नव्हे. मालाची किंमत वेगळी आणि कसबाची वेगळी, हा विवेक आपल्या लोकांत अजून रुजलेला नाही. माझा एक माजी विद्यार्थी विहिरीवरील वीजपंप दुरुस्त करतो. हात असा की, नुसत्या आवाजावरून दोष ओळखावा. तो शेतावर जातो, अर्धा दिवस मोडतो, आणि बदललेल्या भागाची किंमत तेवढी घेऊन परततो. मजुरी मागावयास त्यास संकोच वाटतो. 'ओळखीचेच लोक, गुरुजी,' असे म्हणतो. त्या भागावर दुकानदाराने आपला नफा आधीच काढलेला असतो. मग याच्या पदरात पडते काय, तर चहा. मी त्यास छापील पावतीपुस्तक करून घ्यावयास लावले. त्यात मजुरीचा रकाना स्वतंत्र ठेवला. तोंडाने जे मागवत नाही ते कागद मागतो. रकाना भरू लागल्यापासून त्याचे एकही गिऱ्हाईक तुटलेले नाही.

सायकलींनंतर बंधूंनी कडबा कापण्याची यंत्रे करावयास घेतली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी लोखंडी नांगर घडविला. हा नांगर विकला जावयास दोन वर्षे लागली, हे पुष्कळांस ठाऊक असते. लोखंडाने जमिनीस विष बाधते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती, असे सांगून वक्ते हशा मिळवितात. मला तो हशा पसंत नाही. लाकडी नांगर गावचा सुतार बलुत्यावर नीट करून देत असे. लोखंडी नांगराचा फाळ झिजला तर नवा रोख पैसा मोजून आणावा लागणार, आणि तोही बेळगावहून! ऐन नांगरटीत तो मोडला तर हंगाम कोणी सांभाळावा? शेतकऱ्याच्या नकारामागे समजुतीइतकाच हा हिशेबही असला पाहिजे. म्हणून नव्या वस्तूचा धंदा करणाऱ्याने गिऱ्हाइकाच्या अज्ञानास दोष देण्यापूर्वी त्याचा जमाखर्च त्याच्या जागी बसून मांडून पाहावा. आणि माल खपेपर्यंत पोटास काय, याचे उत्तर आधी तयार ठेवावे. आपल्याकडे उलट घडते. नवा माल आणला की आनंदाच्या भरात जुने गिऱ्हाईक दुर्लक्षिले जाते.

उधारीविषयी थोडक्यात सांगतो. शेतकऱ्याचा पैसा सुगीस येतो, तेव्हा गावाकडील धंद्यात उधारी अटळ आहे. मात्र ती रोजच्या रोज कीर्दीत चढली पाहिजे, कीर्दीवरून खतावणीत गेली पाहिजे आणि एकूण भांडवलाच्या किती हिश्श्यापर्यंत ती जाऊ द्यावयाची, हे दिवाळीतील वहीपूजनाच्या दिवशीच ठरले पाहिजे. आता पैसे मोबाइलवरून येतात म्हणून वही नको, असे काही मुले म्हणतात. मोबाइल आलेला पैसा सांगतो; न आलेला सांगत नाही. किर्लोस्करांच्या आरंभीच्या सहकाऱ्यांत अभियंता शंभोराव जांभेकर यांच्याबरोबरच हिशेब पाहणारे मंगेशराव रेगे यांचेही नाव आदराने घेतले जाते, ते उगीच नव्हे.

पुढे धंदा स्थिरावू लागला तोच जागेचे संकट आले. ठळकवाडी ही नवी वसाहत व्हावयाची असल्यामुळे नगरपालिकेने कारखान्यास जागा सोडावयास सांगितले. यंत्रे आपली, कसब आपले, गिऱ्हाईक आपले, पण पायाखालची जमीन हातची गेली. भाड्याच्या गाळ्यावर हजारो रुपयांचे फर्निचर खिळविणाऱ्या आपल्या तरुणांनी येथे क्षणभर थांबावे. करार किती वर्षांचा, रस्तारुंदीत ती जागा येते काय, याची चौकशी फळ्या ठोकण्यापूर्वी करावी. जे काही करावयाचे ते उचलून नेता येईल असे करावे.

या अडचणीच्या वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळील ओसाड माळ देऊ केला आणि दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. लक्ष्मणरावांना 'राजाश्रय' मिळाला, आम्हांस कोण देणार, असे यावर कोणी म्हणेल. परंतु हा आश्रय अर्ज करून मिळालेला नव्हता. औंधास लक्ष्मणरावांनी बांधकाम पत्करले होते आणि त्यांच्या कामाची रीत बाळासाहेबांनी डोळ्यांनी पाहिली होती. तारण काय, तर पाहिलेले काम.

१९१० साली बेळगावची यंत्रे कुंडल रोडच्या त्या माळावर आली. निवडुंग आणि साप यांखेरीज तेथे फारसे काही नव्हते. बंधूंबरोबर सुमारे पंचवीस कामगार आणि त्यांची बिऱ्हाडे होती, आणि वसाहतीची व्यवस्था पाहावयास, बेळगावात सायकल शिकविणारे तेच रामुअण्णा.