शिळ्या पाण्याची कुळकथा

हौसेने आणलेले काचेच्या भांड्यातील मासे आठ-पंधरा दिवसांत मरावेत, आणि त्यांचे पाणी रोज सकाळी न चुकता बदलले जात असतानाही मरावेत, ही गोष्ट आपल्याकडे इतकी सर्रास घडते की या माशांचे आयुष्यच मुळी तेवढे, अशी समजूत पुष्कळांनी करून घेतली आहे. वस्तुतः ज्या गोल्डफिशला आपण पंधरवड्याचा पाहुणा समजतो तो नीट सांभाळला तर दहा-पंधरा वर्षे सहज जगतो. त्याला मारते ते बहुधा आपले दररोजचे ताजे पाणी. ताजे ते शुद्ध आणि शिळे ते अशुद्ध हा स्वयंपाकघरातील दंडक माशांच्या पाण्याला जसाच्या तसा लागू पडत नाही, हे उमगण्यास मनुष्यजातीला शतकानुशतके लागली. आणि आज दिवाणखान्यात दिमाखाने विराजमान झालेल्या फिशटँकची कुळकथा ही काचेची अथवा माशांची तितकीशी नव्हेच, पाणी न बदलता ते निर्मळ कसे राखावे या एका प्रश्नाची ती कथा आहे.

मासे पाळण्याची व पोसण्याची आवड पुरातन आहे. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य नृपती सोमेश्वर याने सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये मत्स्यविनोदाला स्वतंत्र स्थान दिलेले असून कोणत्या जातीच्या माशाला काय खाऊ घालावे याचाही तपशील त्यात आहे. महाडजवळ वाळणकोंडीला देवाचे मासे म्हणून जे राखले जातात त्यांना भाविक आजही खाऊ घालतात. परंतु तेथे पाण्याची काळजी नदी वाहते. मासा नदीतून उचलून घरात आणावा आणि नदीचे काम स्वतःच्या शिरावर घ्यावे, हा उद्योग प्रथम मोठ्या प्रमाणावर केला तो चिनी लोकांनी. सोंग राजवटीत तळ्यांतून जोपासलेले सोनेरी मासे मिंग राजवटीत चिनी मातीच्या भांड्यांत आले, आणि १५९६ साली झांग च्यानदे या लेखकाने त्यांच्यावर एक स्वतंत्र पुस्तकच लिहिले. भांड्यातील पाणी मात्र माणसाच्या हातानेच बदलावे लागे.

युरोपात काचेच्या टाकीचा पहिला पद्धतशीर उपयोग एका स्त्रीने केला, ही गोष्ट आवर्जून सांगण्यासारखी आहे. फ्रान्समधील एका खेड्यात जन्मलेली आणि पॅरिसमध्ये शिवणकामावर नाव मिळवलेली जान व्हिलप्रे ही जेम्स पॉवर या व्यापाऱ्याशी विवाह करून सिसिलीतील मेसिना येथे स्थायिक झाली, आणि तेथील समुद्रात सापडणारा आर्गोनॉट हा अष्टपाद प्राणी आपला पातळ शिंपला स्वतः घडवितो की दुसऱ्याचा बळकावतो या जुन्या वादाचा निकाल लावण्यासाठी तिने १८३२ च्या सुमारास काचेच्या टाक्या करविल्या. शिंपला तो स्वतःच घडवितो व मोडला तर स्वतःच सांधतो, हे तिने प्रत्यक्ष पाहून सिद्ध केले. पण तिच्या दाराशी समुद्र होता. हवे तेव्हा नवे पाणी मिळत होते. समुद्रापासून दूर लंडन शहरी ही सोय नव्हती. तेथे १८४६ साली ॲना थिन नावाच्या बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ आणले, तेव्हा त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीशी उभी राहून ते खारे पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात अर्धा-पाऊण तास ओतत राही, जेणेकरून त्यात हवा मिसळावी. आज टाकीच्या कोपऱ्यात बुडबुडे सोडणारा विजेचा पंप जे काम करतो ते त्या अनाम बाईने आपल्या बाहूंच्या बळावर केले आहे. पुढे थिनबाईंनी त्याच पाण्यात सागरी शेवाळ सोडले, आणि ओतण्याचे कष्ट बरेच हलके झाले.

शेवाळाने हे कसे साधले याचे उत्तर रसायनवेत्त्यांच्या दफ्तरात आधीच नोंदलेले होते. १७७१ साली जोसेफ प्रीस्टली याने मेणबत्ती विझून गेलेल्या कोंडलेल्या हवेत पुदिन्याची डहाळी ठेवली, तेव्हा काही दिवसांनी त्या हवेत मेणबत्ती पुन्हा जळू लागली. आणि १७७९ साली इंगनहाउस या डच वैद्याने पाण्यात बुडविलेली हिरवी पाने उन्हात ठेवून, त्यांवर उमटणारे बुडबुडे हे त्याच जीवनदायी वायूचे असतात आणि उन्हावाचून ते उमटत नाहीत, असे दाखवून दिले. भर प्रकाशात टाकीतील पानांवर मोत्यांसारखे जे थेंब चमकताना दिसतात ते इंगनहाउसने पाहिलेले तेच बुडबुडे होत.

या ज्ञानाची सांगड माशांशी घालण्याचे श्रेय रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनज्ञाचे. लंडनच्या औषधविक्रेत्यांच्या संघाच्या प्रयोगशाळेत नोकरीस असलेल्या या गृहस्थाने १८४९ साली सुमारे बारा गॅलन मापाचे एक काचेचे भांडे घेतले, ते साध्या झऱ्याच्या पाण्याने निम्मे भरले, तळाशी रेती, चिखल आणि माशांना सावलीस जाता यावे अशा रीतीने चुनखडकाचे व वालुकाश्माचे तुकडे मांडले, त्यात दोन लहान गोल्डफिश सोडले आणि व्हॅलिसनेरियाचे एक रोप लावले. लंडनच्या हवेतील काजळी पाण्यात पडू नये पण वारा आत-बाहेर खेळावा, म्हणून तांब्याच्या तारेच्या कड्यावर पातळ मलमल ताणून ती त्याने भांड्यावर झाकली. मासा प्राणवायू घेऊन कर्बवायू सोडील आणि वनस्पती प्रकाशात त्या कर्बवायूचा स्वीकार करून प्राणवायू परत देईल, असा त्याचा हिशेब होता. काही दिवस तो बरोबर उतरला. मग व्हॅलिसनेरियाची जुनी पाने कुजून तळाशी साचू लागली, पाणी गढूळले, काचेवर हिरवे शेवाळ धरले आणि मासे धोक्यात आले.

येथे दुसरा कोणी असता तर त्याने भांडे रिकामे करून घासले असते. वॉरिंग्टनने तसे केले नाही. तळ्यात कुजणाऱ्या पानांची वासलात कोण लावते याचा त्याने विचार केला, आणि पाच-सहा पाणगोगलगाई आणून त्या पाण्यात सोडल्या. गोगलगाईंनी कुजकी पाने आणि काचेवरचे शेवाळ खाऊन पाणी अल्पावधीत स्वच्छ केले, त्यांनी घातलेली अंडी माशांच्या भक्ष्यस्थानी पडली, आणि मासा, वनस्पती व गोगलगाय यांचा हा जमाखर्च बाहेरून फारसे काही न घालता चालू लागला. १८५० साली लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे त्याने हा वृत्तांत सादर केला. माझ्या मते आजच्या घरगुती टाकीचा जन्म याच निबंधात झाला. कारण प्राणी काचेत ठेवणारे त्याच्यापूर्वी पुष्कळ झाले, पण एकाचा मळ हे दुसऱ्याचे अन्न होईल अशी तजवीज पाण्यातच लावणारा पहिला तोच.

त्याने निवडलेली व्हॅलिसनेरिया ही आपल्या देशातील नद्या-तळ्यांतूनही उगवणारी वनस्पती आहे, आणि तिचा विवाहसोहळा पाहण्यासारखा असतो. मादीफूल लांब, दोऱ्यासारख्या देठावरून पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत चढते; नराची अगदी बारीक फुले तळाशीच देठापासून सुटतात, वर येऊन उमलतात आणि वाऱ्यावर तरंगत मादीफुलाला जाऊन भिडतात. परागीकरण झाले की तो लांब देठ स्प्रिंगप्रमाणे वळत जाऊन फळाला पुन्हा पाण्याखाली ओढून घेतो.

पुढील इतिहास झपाट्याचा आहे. इंग्लंडात काचेवरील अबकारी कर १८४५ सालीच उठलेला होता, त्यामुळे काच स्वस्त झाली होती. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जनतेसाठी मत्स्यगृह उघडले, आणि १८५४ साली फिलिप हेन्री गॉस याच्या पुस्तकाने घरोघरी टाक्यांचे वेड पसरविले. लोकांनी किनारे अक्षरशः ओरबाडून काढले. गॉसच्या मुलानेच पुढे आपल्या आत्मचरित्रात त्याबद्दल खेद व्यक्त केला आहे. हे वेड दहा-पंधरा वर्षांत ओसरले. वॉरिंग्टनच्या भांड्यात मासे दोनच होते, ही गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून निसटली होती. शिवाय त्याच्या जमाखर्चातील एक मोठी रक्कम कोणाच्याच ध्यानात आली नव्हती: माशांच्या श्वासातून व विष्ठेतून पाण्यात जो अमोनिया उतरतो, आणि जो अत्यल्प प्रमाणातही त्यांना विषासारखा बाधतो, त्याचे पुढे होते काय?

हा हिशेब लागला तो भलत्याच ठिकाणी. १८७७ साली श्लोसिंग व म्यूंट्झ या दोघा फ्रेंच शास्त्रज्ञांनी रेती व चुनखडीने भरलेल्या एका लांब नळीतून शहराचे सांडपाणी हळूहळू झिरपत ठेवले. सुमारे वीस दिवस काहीच घडले नाही. त्यानंतर मात्र नळीत शिरणारा अमोनिया खालून नायट्रेट होऊन बाहेर पडू लागला. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच क्रिया थांबली, आणि थोडे मातीचे पाणी ओतताच ती कालांतराने पुन्हा सुरू झाली. याचा अर्थ, हे काम रेतीचे नव्हते. रेतीवर वस्ती करून राहिलेल्या सजीवांचे होते. इंग्लंडात रोथॅमस्टेडच्या शेतकी संशोधन केंद्रात ज्या रसायनज्ञाने हाच धागा पकडून वर्षानुवर्षे प्रयोग केले आणि हे काम दोन टप्प्यांनी, दोन निराळ्या जिवाणूंकडून होते, एक अमोनियाचे नायट्राइट करतो व दुसरा नायट्राइटचे नायट्रेट, असे दाखविले, त्याचेही नाव रॉबर्ट वॉरिंग्टनच होते. तो त्या भांडेवाल्या वॉरिंग्टनचा मुलगा. ते जिवाणू वेगळे काढण्यात त्याला यश येईना, आणि १८९० साली तो मान विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने मिळविला. मुलाला चिंता होती ती गव्हाच्या शेताची. परंतु वडिलांच्या भांड्यातील रेती-चिखलात आणि दगडांवर अदृश्यपणे राबणारा तो चौथा भागीदार कोण, हे सांगण्याची सामग्री त्याच्या संशोधनातून मिळाली. एकाच घराण्याच्या दोन पिढ्यांनी एकाच हिशेबाचे दोन भाग, एकाने दुसऱ्याचा पत्ता न विचारता, पुरे करावेत, याचे मला फार अप्रूप वाटते.

आता रोजच्या ताज्या पाण्याने मासे का मरतात हे निराळे सांगण्याची गरज उरत नाही. जिवाणूंची ही वस्ती पाण्यात फारशी नसते. ती असते खडीवर, काचेवर, पानांवर आणि फिल्टरच्या स्पंजावर. आपण भांडे घासतो, खडी नळाखाली चोळून धुतो, आणि महापालिकेने माणसांच्या हितासाठी पाण्यात घातलेले क्लोरीन उरल्यासुरल्या वस्तीचा व माशांच्या कल्ल्यांचा समाचार घेते; मग दुसऱ्या दिवशी साचणाऱ्या अमोनियाची दखल घेण्यास तेथे कोणीच शिल्लक राहत नाही.

म्हणून ज्यांना टाकी करावयाची आहे त्यांनी काचेचा गोल बाऊल घेण्याच्या फंदात पडू नये. बाजारात दोन फूट लांब आणि फूटभर रुंद व उंच अशी टाकी मिळते; तिचे माप वॉरिंग्टनच्या भांड्याइतकेच, सुमारे पंचावन्न लिटर भरते. तळाशी दोन-तीन इंच धुतलेली खडी पसरावी, एक दिवस उघड्या बादलीत ठेवलेले पाणी भरावे, आणि मासे आणण्यापूर्वी व्हॅलिसनेरिया किंवा हायड्रिला लावावी. व्हॅलिसनेरियाची मुळे खडीत पुरावीत पण पाने जेथून फुटतात तो गड्डा वर उघडा ठेवावा, नाहीतर तो कुजतो. टाकी खिडकीच्या थेट उन्हात ठेवल्यास शेवाळ माजते. दिवसाचे सात-आठ तास दिव्याचा प्रकाश तिला पुरतो. फ्रेंच नळीला वीस दिवस लागले होते, तशी टाकीलाही चार ते सहा आठवड्यांची मुदत द्यावी लागते, आणि या काळात दोन-चार चिवट गप्पी मासेच काय ते ठेवावेत. नळीत जसे मातीचे पाणी ओतले गेले, तशी एखाद्या स्नेह्याच्या जुन्या, निरोगी टाकीतील मूठभर न धुतलेली खडी मागून आणली, तर ही मुदत पुष्कळ कमी होते. खाद्य दोन-तीन मिनिटांत संपेल इतकेच घालावे. टाकीत गोगलगाईंचा सुळसुळाट झाला तर दोष गोगलगाईंचा नसून आपण खाद्य जास्त टाकतो आहोत याची ती खूण समजावी.

पाणी मुळीच बदलू नये, असा मात्र याचा अर्थ नाही. शेवटी उरणारे नायट्रेट वनस्पती खातात, पण सगळे खात नाहीत. सबब आठवड्याला चौथा हिस्सा पाणी काढून तितकेच शिळवलेले पाणी घालावे, आणि फिल्टरचा स्पंज काढलेल्या त्या जुन्या पाण्यातच पिळून घ्यावा.

गॉसच्या काळी किनारे उजाड झाले ते समुद्रातून टाकीत माल आणल्यामुळे. आज आपल्याकडे उलट दिशेने हानी होत आहे. काच साफ ठेवतो म्हणून विकला जाणारा दक्षिण अमेरिकेतील सकर मासा मोठा झाला की नकोसा होतो आणि पाण्यात सोडून दिला जातो. उजनीच्या जलाशयात आता तो मच्छीमारांच्या जाळ्यात येऊ लागला आहे, आणि त्याच्या काटेरी, कडक अंगाने जाळी फाटतात. माझी वाचकांना कळकळीची विनंती आहे की वाढलेली पाणवनस्पती उन्हात खडखडीत वाळवून खतात टाकावी, नकोसे झालेले मासे दुकानदाराला परत करावेत अथवा दुसऱ्या हौशी माणसाला द्यावेत, आणि कोणत्याही कारणास्तव ते नदीत, तळ्यात किंवा विहिरीत सोडू नयेत.