वजाबाकीत हरवलेला वाशीम जिल्हा

मंगरूळपीर तालुक्यातले आसेगाव आपल्या जागेवरून कधी हललेले नाही. सरकारी तक्त्यांत मात्र त्याने बराच प्रवास केला आहे. १९०१च्या शिरगणतीत मंगरूळ तालुका वाशीम जिल्ह्यात होता, १९११च्या शिरगणतीत तो अकोल्यात दिसतो आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा वाशीमात येतो. या भागाचा इतिहास आकड्यांतून वाचायचा तर हा प्रवास आधी ध्यानात घ्यावा लागतो. कारण दोन शिरगणत्यांची तुलना म्हणजे शेवटी एक साधी क्रिया असते: नव्या तक्त्यातल्या प्रत्येक ओळीतून जुन्या तक्त्यातली त्याच नावाची ओळ वजा करणे. क्रिया सोपी आहे. सगळी अडचण ‘त्याच नावाची’ या शब्दांत आहे.

प्रथम जिथे नावे जुळतात तिथली वजाबाकी पाहू. २६ फेब्रुवारी १८९१ आणि १ मार्च १९०१ या दोन्ही शिरगणत्यांच्या वेळी वऱ्हाडात तेच सहा जिल्हे होते: अमरावती, अकोला, एलिचपूर, बुलडाणा, वणी आणि वाशीम. वऱ्हाडची एकूण लोकसंख्या २८,९७,४९१ वरून २७,५४,०१६ वर आली. म्हणजे १,४३,४७५ माणसांची, सुमारे ५ टक्क्यांची घट. या दहा वर्षांत १८९६-९७ची टंचाई आणि १८९९-१९००चा भीषण दुष्काळ येऊन गेला होता.

पण ही झाली बेरजांची वजाबाकी. ओळीतून ओळ वजा केली की चित्र पालटते. अमरावती ६,५५,६४५ वरून ६,३०,११८ वर आली, म्हणजे ३.९ टक्के घट. वणी ४,७१,६१३ वरून ४,६६,९२९ वर, जेमतेम एक टक्का. एलिचपूरची घट सुमारे सहा टक्के. बुलडाणा ४,८१,०२१ वरून ४,२३,६१६ वर, म्हणजे ११.९ टक्के. वाशीम ३,९८,१८१ वरून ३,५३,४१० वर. ४४,७७१ माणसे कमी, ११.२ टक्के. आणि अकोला? तो ५,७४,७८२ वरून ५,८२,५४० वर गेला. दुष्काळाच्या दशकात वाढलेला हा एकच जिल्हा.

‘वऱ्हाडात पाच टक्के घट’ हे वाक्य खोटे नाही, पण ते सहापैकी एकाही जिल्ह्याचे नेमके वर्णन करत नाही. एवढेच म्हणून थांबले तर बुलडाणा आणि वाशीम सरासरीच्या आड जातात.

ही तफावत का पडली, ते वजाबाकी सांगत नाही. अकोल्यातून रेल्वे जात होती आणि वाशीमात ती नव्हती, म्हणून एवढ्यावरच उत्तर देण्याचा मोह होतो. पण मलकापूर आणि नांदुरा त्याच रेल्वेमार्गावर असूनही बुलडाणा सर्वांत जास्त घटला. शिवाय घट म्हणजे केवळ मृत्यू नव्हेत. पोट भरायला गाव सोडून गेलेले आणि त्या वर्षांत जन्मालाच न आलेले, तेही त्यात आहेत. वजाबाकी प्रश्न कुठे विचारायचा ती जागा दाखवते.

खरी गफलत पुढे होते. १९०५ साली सहा जिल्ह्यांचे चार करण्यात आले. वाशीम जिल्हा मोडला. वाशीम आणि मंगरूळ हे तालुके अकोल्याला मिळाले, पुसद यवतमाळला. अकोल्याचे खामगाव आणि जळगाव बुलडाण्याकडे गेले, तर अमरावतीचा मूर्तिजापूर अकोल्यात आला. एलिचपूर अमरावतीत विलीन झाला आणि वणी जिल्ह्याचे नाव यवतमाळ झाले. १९११च्या तक्त्यात वाशीमची ओळच नाही. तिच्या जागी शून्य धरले तर साडेतीन लाख माणसे नाहीशी झाली असे उत्तर येईल. ओळ नसणे म्हणजे शून्य असणे नव्हे. आणि अकोल्याची ओळ आहे, तर तो अकोला वेगळाच आहे. नाव जुळते, जमीन जुळत नाही.

अशा जुळणीने दुःख कसे झाकले जाते, ते एका बेरजेवरून कळेल. जुना अकोला आणि जुना वाशीम एकत्र धरू. १८९१मध्ये ९,७२,९६३ आणि १९०१मध्ये ९,३५,९५०. घट ३.८ टक्के, म्हणजे वऱ्हाडच्या सरासरीहूनही कमी! तालुक्यांच्या वर सांगितलेल्या अदलाबदलीमुळे हा नवा अकोला जिल्हा नेमका नव्हे, पण दिशा स्पष्ट आहे. दोन ओळी एका नावाखाली आल्या की वाशीमची ११.२ टक्के घट बोलायची थांबते.

गावाच्या पातळीवर हीच अडचण आणखी बारीक होते. आसेगाव नावाची गावे एकाहून अधिक आहेत; रिसोड तालुक्यात आसेगाव पेन आहे, अमरावती जिल्ह्यात आसेगाव पूर्णा. नुसत्या नावाने ओळी जुळवल्या तर एका आसेगावातून दुसरे आसेगाव वजा होईल. गावाला स्वतंत्र क्रमांक देण्याची जनगणनेची पद्धत म्हणूनच मोलाची.

जनगणना खाते जुने आकडे आजच्या सीमांप्रमाणे बसवूनही देते. त्यामुळे आजच्या वाशीम जिल्ह्याची दर दशकातली वाढ-घट एका तक्त्यात सापडते. पण तो तक्ता सुरू होतो १९०१पासून. दुष्काळ सरल्यानंतरची माणसे त्याची पहिली ओळ आहेत. जी कमी झाली ती त्या ओळीच्या वर, छापील रेघेबाहेर राहिली. १८९१ची आसेगावासह तालुक्यातली गावे शोधून आजच्या सीमांत बसवली, तरच ती माणसे हिशेबात येतील.