घोस्टची गोष्ट

डॉसच्या जमान्यात प्रोग्रॅमचा बॅकअप म्हणजे बहुतेक वेळा सरळ हिशोब. डिरेक्टरी उचला, फ्लॉपीवर टाका, झालं काम. १९९५ साली विंडोज ९५ आलं आणि हा हिशोब बिघडला. प्रोग्रॅम एका फोल्डरात, त्याच्या काही डीएलएल विंडोजच्या सिस्टिम फोल्डरात, सेटिंग्ज रजिस्ट्रीत. नुसता फोल्डर कॉपी करून प्रोग्रॅम चालेलच याची काय खात्री?

त्याच सुमारास न्यूझीलंडच्या मरे हॅझर्डने घोस्ट लिहिलं. कुठे काय सांडलंय ते शोधत बसायचंच नाही, अख्खा ड्राइव्ह एका इमेज फाइलमध्ये उचलायचा! चालू विंडोज स्वतःच्या काही फायली धरून बसतं, म्हणून मशीन डॉसच्या फ्लॉपीवरून सुरू करायचं. मला ही आयडिया अजूनही जाम आवडते. लॅबवाल्यांची तर चंगळच झाली: एक मशीन नीट लावायचं, तीच इमेज बाकीच्यांवर ओतायची.

१९९८ मध्ये सिमँटेकने घोस्ट विकत घेतलं, २०१३ मध्ये नॉर्टन घोस्ट बंदही केलं. असो.

इमेज त्याच डिस्कच्या डी ड्राइव्हवर ठेवायची आपल्याकडची पद्धत मात्र मला कधीच पटली नाही. व्हायरसने विंडोज बिघडवलं तर ठीक. डिस्कच बसली तर सी गेला, डी गेला आणि इमेजही गेली.