फळगळ की पानगळ? : संजीवके, यंत्रकाढणी आणि ठाणे–डोंबिवलीचा औद्योगिक पट्टा

प्रस्तावना :
झाडावर रसायन फवारून फळांचे देठ सैल करावेत आणि नंतर यंत्राने खोड हलवून फळे उतरवावीत, हा विचार प्रामुख्याने भूमध्य सागरी प्रदेशातील व कॅलिफोर्नियातील ऑलिव्ह बागांमध्ये वाढला. महाराष्ट्रात ऑलिव्हची उल्लेखनीय लागवड नाही. राजस्थानात २००७ नंतर झालेल्या ऑलिव्ह प्रकल्पात पुण्याच्या एका ठिबक सिंचन कंपनीचा वाटा होता, एवढाच काय तो मराठी संबंध. परंतु ज्या संजीवकांवर हा विचार उभा आहे त्यांचा इतिहास ठाणे व डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतींना स्पर्श करून जातो. ही संजीवके येथील शेतीत आल्यावर त्यांचे प्रयोजन का पालटले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

एक वायू, दोन इतिहास :
दिव्याच्या वायूमुळे रोपांची वाढ बिघडते, त्यास त्यातील एथिलीन कारणीभूत आहे, असे रशियन शास्त्रज्ञ नेल्युबोव्ह यांनी १९०१ मध्ये दाखविले. फळे पिकणे व पाने गळणे या क्रियांमागेही हाच वायू आहे, हे पुढे स्पष्ट झाले. मात्र मोकळ्या बागेत वायू वापरणार कसा? इथेफॉन या द्रवरूप रसायनाने ही अडचण दूर केली. ते आम्ल द्रावणात टिकते आणि वनस्पतीच्या पेशीत शिरल्यावर विघटित होऊन एथिलीन सोडते. १९६० च्या दशकात अमेरिकेत त्याचा शेतीतील उपयोग सुरू झाला.

योगायोग असा की, त्याच दशकात ठाणे–बेलापूर पट्ट्यात नोसिलचा नाफ्ता भंजन प्रकल्प १९६८ मध्ये सुरू झाला. तेथे हाच वायू प्लास्टिक व अन्य रसायनांसाठी तयार होई. तो प्रकल्प पुढे बंद पडला. इथेफॉन 'इथ्रेल' या नावाने विकणाऱ्या बायर कंपनीचा कोलशेत येथील कारखानाही आता इतिहासजमा झाला असून त्या परिसरात निवासी मनोरे उभे आहेत.

ऑलिव्हचे फळ वजनाने हलके आणि देठाला घट्ट असते, त्यामुळे केवळ हलवून ते पडत नाही. इथेफॉनने देठाजवळील पेशींचा थर कमकुवत होतो खरा, पण फळांबरोबर पानेही गळतात. पुढील वर्षाचा मोहोर त्याच पानांच्या बेचक्यांतून यावयाचा असल्याने आजची सोय उद्याच्या पिकाच्या मुळावर येते. शिवाय तापमानानुसार परिणाम बदलतो. अनेक दशकांच्या प्रयोगांनंतरही हे तंत्र सार्वत्रिक झाले नाही, ते यामुळेच.

घोलवडचा चिकू :
२०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत डहाणू–घोलवडच्या चिकूवाड्या ठाणे जिल्ह्यातच होत्या. येथे फळगळीचे तंत्र का आले नाही, याचे उत्तर केवळ मजुरीच्या दरात शोधणे अपुरे ठरेल. ऑलिव्ह मुख्यतः तेलासाठी जाते, त्यामुळे थोडा मार लागला तरी चालतो. चिकू खाण्याचे फळ आहे; आपटलेला चिकू बाजार गाठण्याआधीच सडू लागतो. दुसरे म्हणजे, चिकूच्या एकाच झाडावर कोवळी, अर्धी व तयार फळे एकाच वेळी असतात. सरसकट फळगळ घडविणारे रसायन तयार फळाची निवड करू शकत नाही. ती निवड आदिवासी तोडणी कामगाराची नजर करते. सालीवरील खरबरीत भुकटी गेली की नाही, हे तो पाहतो आणि जाळी लावलेल्या काठीने फळ अलगद उतरवितो. या कौशल्याची नोंद आपल्या कृषी-इतिहासात फारशी झालेली नाही.

दोषाचा झाला उपयोग :
ऑलिव्हमध्ये जो दोष ठरला, तोच सोलापूरकडील डाळिंब बागायतदाराने गुण म्हणून स्वीकारला. बहार धरताना पाणी तोडून झाडाला ताण द्यावयाचा आणि इथ्रेल फवारून पाने गाळावयाची, म्हणजे नवी पालवी व फुले एकदम येतात. नाशिकच्या द्राक्षबागांतही ऑक्टोबर छाटणीपूर्वी हाच उपाय केला जातो. म्हणजे येथे श्रम वाचले ते काढणीचे नव्हेत, पाने ओरबाडण्याचे.

यंत्रकाढणीचा मूळ प्रश्न महाराष्ट्रात आला तो फळांतून नव्हे, तर कापसातून. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत कारखाना असलेल्या घरडा केमिकल्सने मेपिक्वाट क्लोराईड हे संजीवक 'चमत्कार' या नावाने बाजारात आणले. कंपनीचे संस्थापक केकी घरडा (१९२९–२०२४) यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. हे संजीवक जिबरेलिनची निर्मिती रोखते, त्यामुळे पेरे आखूड राहून पऱ्हाटी बुटकी व आटोपशीर होते. दाट लागवड, बुटके झाड आणि वेचणीपूर्वी रसायनाने घडविलेली पानगळ, या तिन्हींचा मेळ बसला तरच वेचणी यंत्र नीट चालते. अन्यथा कापसात पालापाचोळा मिसळतो व जिनिंगमध्ये तो काढण्याचा वेगळा खर्च येतो.

विदर्भात बोंडे टप्प्याटप्प्याने फुटतात आणि वेचणीही तीन-चार वेळा होते. ती बहुतांशी स्त्रिया करतात, किलोच्या दराने. यंत्राचे भाडे, संजीवकाचा खर्च आणि वाचलेली मजुरी यांचा हिशेब मांडताना 'वाचलेली' हा शब्द शेतमालकाच्या बाजूने वापरला जातो. वेचणाऱ्या बाईच्या वहीत तीच रक्कम गेलेली रोजी म्हणून लिहावी लागेल.