यानाचा पांढरा

"मामा, एक पांढरा करून द्याल का?"

भाच्याचा पुण्याहून फोन. मी दारातल्या बाजेवर पेपर वाचत पडलो होतो. एकतीस वर्षं चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला असले फोन येतात. कुणाला गणपतीचे डोळे काढून हवे असतात, कुणाला लग्नाच्या भिंतीवर मोर. पण पांढरा?

"पांढरा काय करून द्यायचा रे? दुकानात जा अन् घे."

"हा नाही मिळत. २०१३ मध्ये कंपनीनं बंद केला. रीफर व्हाइट."

भाचा दिवसभर संगणकावर काम करतो आणि रात्री प्लास्टिकची यानं जोडतो. जगात कुठंच नसलेली, फक्त सिनेमात उडणारी यानं. सुटे भाग खोक्यातून येतात, ते चिमट्यानं धरून चिकटवायचे, मग बोटभर बाटलीतला रंग लावायचा. त्या बाटल्यांवर आकडे असतात, नावं असतात आणि ती नावं त्याला तोंडपाठ आहेत. आमच्या लहानपणी पोट्ट्यांना क्रिकेटपटूंच्या धावा असत तशी.

रीफर म्हणजे काय, ते मी त्याच्याकडूनच शिकलो. अमेरिकेत मालगाडीला बर्फाचे, थंडाव्याचे डबे लावत. फळं, मांस त्यातून जायचं. त्या डब्यांना तिकडे रीफर म्हणतात. खेळण्यातल्या रेल्वेचा नाद असलेल्या लोकांसाठी फ्लोक्विल नावाच्या कंपनीनं तयार रंग काढले, त्यात या डब्यांचा पांढराही होता. पुढे १९७७ साली आलेल्या 'स्टार वॉर्स'ची यानं ज्या कारागिरांनी बांधली, त्यांनी रणगाड्यांच्या, जहाजांच्या, विमानांच्या खेळण्यांचे भाग मोडून त्या यानांच्या अंगावर चिकटवले आणि हाताशी होते तेच रेल्वेचे रंग त्यांवर फवारले. म्हणजे अंतराळात जो पांढरा आपण पाहिला, तो मुळात मालडब्याचा. हे ऐकून मला फार बरं वाटलं. मी सेवाग्रामचा. माझं निम्मं बालपण रुळांकडे बघण्यात गेलं. आमच्या स्टेशनाचं नाव तेव्हा वर्धा पूर्व होतं.

यानाला रंग कुठला द्यायचा, हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला १९७९ साली. त्या जुलैत स्कायलॅब हे अमेरिकेचं अवकाशस्थानक पडणार म्हणून गावोगाव घबराट होती. आमच्या आळीतली एक म्हातारी रोज विचारायची, "पडलं का रे बाप्पा ते?" ते ऑस्ट्रेलियाकडं पडलं, आमच्या कपाशीवर नाही. पण पोरांच्या डोक्यात यान शिरलं ते शिरलंच. आम्ही पुठ्ठ्याचं एक केलं. शब्दांत यान उभं करणाऱ्याला रंग सांगावाच लागतो असं नाही, पुठ्ठ्यावर करणाऱ्याची मात्र सुटका नसते. घरात चुना होता, नीळ होती. चुन्यात चिमूटभर नीळ टाकून लावली. ओलं होतं तोवर काय दिसलं ते! दुसऱ्या दिवशी वाळलं आणि पोपडे निघाले. चुन्याला भिंत धरून ठेवते, पुठ्ठा नाही.

आमच्याकडे पांढरा हा शब्द रंगाआधी जागेचा आहे. शेतजमीन ती काळी आणि वस्ती ती पांढरी. जुन्या गावठाणात शेकडो वर्षं चुली पेटल्या, राख पडली, घरं ढासळली, त्याच मातीवर पुन्हा घरं उभी राहिली. त्यानं माती फिकी, राखाडी झाली. भिंतीला लावायला लोक हीच पांढरी माती आणत. काळी आणली तर उन्हाळ्यात भेगा पडतात. आई दर दिवाळीआधी ती कालवायची. रंग दोनच, पांढरी आणि काव. काव म्हणजे गेरू. खालचा पट्टा कावेचा, वरचं अंग पांढरीचं. सारवलेल्या जमिनीचा हिरवट शेणी रंग धरला तर तीन.

गांधीजी १९३६ साली इथं राहायला आले तेव्हा गावाचं नाव सेगाव होतं. त्यांच्या शिष्या मीराबेन त्यांच्या आधीच येऊन राहिल्या होत्या. झोपडी पाचशे रुपयांच्या आत, सामान आसपासचं, मजूर गावचे, अशी अट होती म्हणतात. टपाल मात्र गजानन महाराजांच्या शेगावला जायचं, म्हणून १९४० मध्ये सेवाग्राम हे नाव पडलं. बापूकुटीच्या भिंतीवर मीराबेननी मातीतून उठवलेली ताडाची झाडं, मोर, चरखा आजही आहेत. पाहुणे मोरापुढे फोटो काढतात. मी शाळेची पोरं घेऊन जायचो तेव्हा त्यांना मोराकडे नाही, भिंतीच्या कडेला बघायला सांगायचो. तिथं ऊन आडवं पडतं आणि सारवणाऱ्या बाईची बोटं दिसतात. बाटलीतला रंग असली खूण ठेवत नाही. नीट घोटलेला असला तर ब्रशचीसुद्धा ठेवत नाही, आणि त्याचंच तर भाच्याला कौतुक.

त्याच वर्षी, १९३६ च्या डिसेंबरात, खानदेशात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलंच. सजावट चित्रकार नंदलाल बोसांकडे होती, आणि त्यांनी बांबू, चटया, गावातलंच सामान वापरलं. पुढे १९३८ मध्ये हरिपुऱ्याच्या अधिवेशनासाठी त्यांनी हातकागदावर मातीचे रंग लावून ऐंशीच्या आसपास चित्रं केली. त्यांच्याच शांतिनिकेतनातल्या कलाभवनात शिकलेले देवीप्रसाद १९४४ मध्ये सेवाग्रामला आले, गांधीजींच्या नई तालीम शिक्षणपद्धतीच्या शाळेत चित्रकला शिकवायला, आणि १९६२ पर्यंत राहिले. मूळचे डेहराडूनचे. पुढे लंडनला गेले, युद्धविरोधी चळवळीत काम केलं, मडकी घडवली. मुलांची चित्रं ही शिक्षणाची सजावट नाही, पाया आहे, असं त्यांचं म्हणणं. त्यावर त्यांनी पुस्तकही लिहिलं.

माझी थोरली मावशी त्या शाळेत चार इयत्ता शिकली. ती सांगायची ते मी अनेकदा ऐकलंय: काव खलायची, पाण्यात ढवळायची, वाळू तळाशी बसू द्यायची, वरचं पाणी ओतून घ्यायचं, ते निवळलं की खालचा लगदा तो रंग. बाभळीचा डिंक भिजवून त्यात घालायचा. दिव्यावर खापर धरून काजळी. पिवळ्याला पिवडी. "हिरवा कसा करत होते मावशी?" असं विचारलं की ती हसायची. "हिरव्याचं काही खरं नव्हतं रे. पानं चोळली तर सकाळी तपकिरी." मुलांच्या चित्रांत झाडं पिवळी का, याचं उत्तर मला एवढ्या सोप्या रीतीनं कुठल्याच कलासमीक्षकानं दिलं नाही.

मी शिक्षक झालो तोवर हे सगळं संपलं होतं. वर्ग भरायचा आणि बाकावर उंटाची बाटली असायची. कॅम्लिन ही अस्सल मराठी कंपनी. १९३१ मध्ये गिरगावात दांडेकर बंधूंनी शाईची पूड आणि वड्या करायला घेतल्या, तेव्हा छाप घोड्याचा होता. उंट नंतर आला. चित्रकलेचे रंग साठच्या दशकात निघाले. पुढच्या पिढीतले सुभाष दांडेकर त्यासाठी ग्लासगोला जाऊन रंगांचं रसायन शिकून आले होते. २०११ मध्ये जपानी कंपनीनं मोठा हिस्सा घेतला, पण पोरांसाठी तो उंट तो उंटच.

त्या बाटल्यांची नावं वर्गात मोठ्यानं वाचायची मला सवय होती. बर्न्ट सिएना. सिएना हे इटलीतलं शहर. तिकडची माती भाजली की हा रंग होतो. म्हणजे तिकडची कावच की! प्रशियन ब्लू अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये अपघातानं निघाला. पोरांना हे सांगितलं की एखादा हात वर व्हायचा: "सर, वर्ध्याचा कोणता आहे?" मी विषय बदलायचो.

तयार रंगावर माझा राग नाही, हे सांगून टाकतो. ज्यानं रोज चाळीस पोरांसाठी काव खललेली नाही, त्यानं हातच्या रंगाचे गोडवे गावेत. आणि तयार रंगाचं महत्त्व मला ज्या रात्री कळलं, ती रात्र मी विसरणार नाही. नव्वदच्या दशकात तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन होतं. माझ्या पोरांनी थर्माकोलचं तीन फुटी यान केलं होतं, परग्रहावर जाणारं. पोस्टर कलर त्यावर मळकट दिसत होता. मी शहाणपणा केला. गॅरेजवाल्या मित्राकडून डुको आणला, स्कूटरला मारतात तो, त्याच्याच गनमधून रात्री दहा वाजता मारला. दोन मिनिटं यान आरशासारखं चमकलं. मग नाकापासून बसायला लागलं. खड्डे पडले, पंख वितळून खाली झुकले, थिनर थर्माकोल खात गेला. पोरं बघत उभी. एक म्हणाला, "सर, वातावरणात शिरलं वाटते." दुसऱ्या दिवशी आम्ही ते 'उल्कापातात सापडलेलं यान' म्हणून मांडलं. बक्षीस मिळालं नाही.

थर्माकोल आणि भाच्याच्या खोक्यातलं प्लास्टिक ही एकाच घरातली भावंडं, दोन्ही पॉलिस्टायरीन. तीव्र थिनर दोघांना खातो, थर्माकोल फुगवलेलं म्हणून पटकन, घट्ट प्लास्टिकला जरा वेळ लागतो. मॉडेलचे रंग वेगळे का विकावे लागले, त्याचं एक कारण हे. दुसरं कारण जाडी. घराच्या दाराचा ऑइलपेंट लावला तर यानाच्या अंगावरच्या केसाएवढ्या रेषा बुजतात. कण बारीक हवा, थर पातळ हवा आणि तरी खालचं दिसता कामा नये.

हे रंग कोण करू लागलं, तेही मजेचं आहे. इंग्लंडात हल शहरातली हम्ब्रॉल ही कंपनी १९१९ मध्ये निघाली ती सायकलचं तेल विकायला. हम्बर नदीवरून नाव. मग सायकलींचा रंग, मग विमानांच्या खेळण्यांचा रंग, १४ मिलीच्या डब्यांतून. जपानमधल्या ज्या कंपनीचा मिस्टर कलर हा मॉडेलचा रंग आहे, ती आली रेशमाच्या व्यापारातून. तिकडे १९७९ मध्ये गुंडाम नावाची यंत्रमानवांची कार्टून मालिका आली, १९८० मध्ये त्यांची प्लास्टिकची खेळणी निघाली आणि त्यांच्या नावाच्या रंगाच्या बाटल्याही आल्या. या यंत्रमानवाचा निळा, त्या यंत्रमानवाचा लाल. तेल, रेशीम, आपल्याकडे शाई. अंतराळासाठी म्हणून कुणीच दुकान थाटलं नव्हतं.

म्हणूनच भाच्याचा हट्ट मला आधी कळेना. विमानाचं मॉडेल असेल तर समजू शकतो. विमान खरं असतं, हवाई दलाचा रंग ठरलेला असतो. पण यानाचा मूळ रंग कुठून आणायचा? ते सिनेमातलं यान म्हणजेही मॉडेलच. त्यावर रंग मारला, वर मुद्दाम धूळ-काजळी फासली, दिव्याखाली ठेवलं, फिल्मवर टिपलं, फिल्म धुतली. यातला खरा पांढरा कुठला? "बाटलीतला," भाचा म्हणाला. बाटली बंद पडली, तर खरेपणाही बंद पडला. आता जगभरचे नादी लोक वहीत प्रमाणं लिहून तो पांढरा पुन्हा कालवतायत. ऐकून मला मावशी आठवली.

त्यानं कुरियरनं एक प्लास्टिकचा चमचा पाठवला. हे लोक रंग चमच्यावर तपासतात. गोलाई असते, प्रकाश कसा पडतो ते कळतं. कुणाच्या तरी जुन्या बाटलीच्या तळाशी राहिलेले शेवटचे थेंब त्यावर लावलेले होते. मी तो अंगणात उन्हात धरला. स्वच्छ पांढरा नव्हताच. भाजणीच्या पिठाच्या जवळ कुठंतरी.

माझ्याकडे ॲक्रिलिकचा टायटॅनियम व्हाइट होता. तो निळ्याच्या अंगाचा, थंड. त्यात काजळी टाकली तर आणखी थंड होतो, ढगाळ दिसतो. पिवडी टाकून पाहिली. चमचा कावीळ झाल्यासारखा. मग परसात गेलो. आमच्या जुन्या घराची एक भिंत अजून कंबरेएवढी उभी आहे. तिचा ढेकूळ फोडला, बादलीत भिजवला, ढवळला, शंभरपर्यंत मोजलं, वरचं गढूळ पाणी मलमलीतून गाळून पातेल्यात घेतलं. ते रात्रभर ठेवलं. सकाळी वरचं पाणी हळूच ओतलं, तळाशी साय राहिली होती. वाळवून काचेवर वरवंट्याच्या बुडानं घोटली, दोन बोटांत करकर लागेनाशी होईपर्यंत. बायको दोनदा विचारून गेली, "काहून करून रायले हे?"

पहिला चमचा ओला असताना जुळला, वाळल्यावर गडद निघाला. ॲक्रिलिक वाळताना गडद होतो, हे मी तीस वर्षं पोरांना सांगत आलो आणि स्वतः विसरलो. दुसरा फिका. तिसऱ्यावर माशी बसली. चौथा वाळला तेव्हा दुपार झाली होती. दोन्ही चमचे शेजारी धरले, डोळे बारीक केले, फिरवून धरले. कुठला कुणाचा ते मला दांड्यावरच्या खुणेनंच कळलं.

होमिओपॅथीच्या गोळ्यांची बाटली धुऊन त्यात भरला. भाच्यानं बजावलं होतं, नाव घालाच, नाहीतर मिसळेल. रीफर व्हाइट लिहिणार होतो. मग थांबलो आणि पट्टी चिकटवून जुन्या बोरूनं लिहिलं: वर्धा पूर्व. खाली लहान अक्षरांत प्रमाण: पांढरा वीस थेंब, भिंतीची माती सपाट चमचाभर, काजळी सुईच्या टोकावर.