पंतांची आर्या, रामजोशींचा डफ

भाविक माउलींनो, तुकोबारायांच्या पालखीसंगे बारामतीला मुक्काम पडला, की मोरोपंतांनाही हात जोडा. जन्म 1729 चा, पन्हाळ्याचा. पण बाबूजी नाईकांच्या आश्रयाने पंत बारामतीचेच झाले. 1794 साली इथंच देह ठेवला.

त्यांची आर्या म्हणजे मात्रांचा काटेकोर हिशेब, संस्कृत शब्दांचा जडाव. ती साध्यासुध्या माणसाच्या कानी घातली कुणी? सोलापूरच्या रामजोशींनी! घर पुराणिकांचं, पण पाय वळले तमाशाच्या फडाकडे. लोकांनी नावं ठेवली. पुढं तेच रामजोशी कीर्तनाला उभे राहिले, अन् पंतांच्या आर्या गाऊ लागले. लावणीनं कमावलेला गळा, ठेका, शब्दाची फेक, सगळं देवाच्या दारी कामाला आलं.

आता सांगा, सुराला सोवळं-ओवळं असतं का? समाज जसा असतो तसं गाणं होतं, हे खरं. पण गाणंही समाजाला जोडतं. वाड्यातली आर्या अन् फडातला ठेका एका ठायी नांदले, ते आपल्या कीर्तनात.

म्हणून पुढं इंदापूरच्या रिंगणात उभे राहाल, तेव्हा शेजारच्याचा गळा कुठल्या गाण्यावर पोसलाय, हे विचारू नका. त्याच्या हाती टाळ द्या. रामकृष्णहरी!