ताकाचा क्रम

कधी मलावरोध, कधी अतिसार, आणि जेवण होताच पोटात गुडगुड व कळ, अशा ज्या जुनाट तक्रारींना आजचे डॉक्टर आयबीएस म्हणतात, त्यांपैकी पुष्कळशा आपल्या वैद्यांच्या दफ्तरी ग्रहणी किंवा संग्रहणी या सदराखाली नोंदल्या जात. मात्र त्या सदरात इतर भिन्न व्याधीही दाखल होत असल्यामुळे ही दोन नावे समानार्थी मानणे धाडसाचे होईल.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील पंधराव्या अध्यायाप्रमाणे ग्रहणी हा मुळात देहातील अवयव, अग्नीचे म्हणजे पचनशक्तीचे अधिष्ठान होय. अन्न पचेपर्यंत त्याला अटकाव करावा आणि पचल्यावर पुढे जाण्याची परवानगी द्यावी, हे तिचे काम, आणि अग्नी दुर्बल झाला की ती अपक्व अन्नच सोडून देते, म्हणून मल कधी बद्ध तर कधी द्रव होतो. तिच्या या बिघाडावर ग्रंथकाराने ताक श्रेष्ठ मानले, कारण ते दीपन (अग्नी चेतविणारे), ग्राही (मल बांधणारे) आणि पचावयास हलके.

परंतु ताकाची खरी तजवीज पाहावयाची तर त्याच्या आधीचा, म्हणजे अर्शाचा (मूळव्याधीचा), अध्याय उघडावा लागतो, आणि अर्श, अतिसार व ग्रहणी हे विकार बहुधा एकमेकांस कारण होतात, असे तेथेच सांगितले असल्यामुळे ही उसनवारी गैर नव्हे. लोणी पूर्ण काढलेले, अर्धे काढलेले आणि मुळीच न काढलेले, असे ताकाचे तीन प्रकार करून रोग्याचा दोष व अग्निबल पाहून त्यांतून निवड करावी; ज्याचा अग्नी फारच मंद असेल त्यास केवळ ताकावर ठेवावे, किंवा सायंकाळी लाह्यांचे पीठ ताकात कालवून द्यावे; पुढे सैंधव घातलेली ताकाची पेज, मग ताकभात, अशी पायरी चढत जावी. मुदत सात दिवस, दहा दिवस, पंधरवडा किंवा महिना. आणि ताक एकाएकी बंद न करता ज्या क्रमाने वाढविले त्याच क्रमाने उतरवावे, पण त्याबरोबर अन्नात कपात होऊ देऊ नये, असा दंडक आहे. या शेवटच्या अटीतली दूरदृष्टी मला सर्वांत मोलाची वाटते. पुढे पारा-गंधकाची औषधे देणाऱ्या रसवैद्यांच्या पर्पटीकल्पात, म्हणजे पर्पटी नावाच्या औषधाच्या क्रमवार उपचारात, औषधाची मात्राही अशीच चढउतार करून देत, आणि पाणी व मीठ वर्ज्य करून रोग्यास दूध किंवा ताकावर ठेवीत. घरगुती पथ्यात मात्र हा सारा जमाखर्च गळून ‘ताकभात खा’ एवढाच हुकूम शिल्लक राहिला.

मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातील संशोधकांनी २००५ च्या सुमारास फॉडमॅप नावाने जो आहार मांडला, त्यात कांदा, लसूण, गहू, कडधान्ये यांतील आतड्यात आंबणाऱ्या शर्करा काही आठवडे वगळून, मग एकेक पदार्थ परत देऊन, सोसेल तेवढेच कायम करतात. तत्त्व निराळे, पण क्रमाचा आग्रह तोच. आणि येथेही अनेक रोगी पहिल्याच पायरीवर अडकून विनाकारण अर्धपोटी राहतात. ताकाला मात्र या नव्या दरबारात सरसकट मुभा नाही, कारण विरजणाने दुधातील शर्करा घटली तरी नाहीशी होत नाही, आणि ज्यास ती सोसत नाही त्याच्यापुढे चरकाचा दाखला निरुपयोगी.